चार पांढरे केस

गेल्या वर्षी मे महिन्यात एका रविवारी सकाळी आई उठली तेव्हा तिला डोळेच उघडता येईनात. पापण्या पुरीसारख्या फुगलेल्या, कानामागे पाणी भरलेले फोड, कपाळावर लालभडक पट्टा. आदल्या संध्याकाळी तिने केसांना डाय लावला होता. नेहमीचाच, नेहमीच्याच दुकानातून आणलेला. दर तीन आठवड्यांनी एकदा, अशी चोवीस वर्षं ती तो लावत होती. त्वचेच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत निदान केलं, स्टेरॉइड लिहून दिलं आणि म्हणाले, "यापुढे काळा डाय नाही. कधीच नाही."

सूज आठवड्यात उतरली. प्रश्न नंतर सुरू झाला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. सप्टेंबरपर्यंत आईच्या डोक्यावर मुळाशी चार बोटं पांढरंशुभ्र, त्याखाली विटकरी आणि त्याखाली जुना काळा असे तीन पट्टे झाले. ती स्वतःच त्याला झेब्रा क्रॉसिंग म्हणायची, पण लग्नामुंजीला जायचं टाळायला लागली होती. पार्लरवाल्या ताईंनी उपाय सुचवला. "काकू, मशीन फिरवू या, तीन नंबर. डाय केलेलं सगळं एका दिवसात जाईल. हल्ली खूप जणी करतात." आईला ते एकदम पटलं. रात्री जेवताना तिने ते घरात सांगितलं.

माझी आजी, म्हणजे आईची आई, त्र्याऐंशी वर्षांची आहे आणि गेली दहा वर्षं पुण्यात आमच्याकडेच असते. ती सहसा कशाला नाही म्हणत नाही. माझ्या कानाला चार भोकं आहेत, त्यावरसुद्धा ती "दुखलं का गं?" एवढंच म्हणाली होती. त्या रात्री मात्र हातातला घास तसाच ठेवून ती म्हणाली, "माझ्या डोळ्यांदेखत डोक्याला मशीन लावायचं नाही." आणि ताटावरून उठून गेली. आमच्या घरात वाढलेल्या ताटावरून कुणी उठत नाही.

माझं स्वतःचं या प्रकरणात थोडं हितसंबंधाचं काम होतं. मला सव्विसाव्या वर्षापासून पांढरे केस आहेत. सुरुवातीला उजव्या कानाच्या वर एकच होता, आता तिथे बट झाली आहे. व्हिडिओ कॉलवर प्रकाश उजवीकडून आला की ती चमकते. ऑफिसात "टेन्शन घेतेस तू" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. घरी आईचं म्हणणं, "लग्न ठरेपर्यंत तरी लाव काहीतरी." तिला डॉक्टरांनी मनाई केल्यानंतरही तिचं हे म्हणणं बदललं नव्हतं, हे विशेष. आणि बाबांचं टक्कल पस्तिशीतच पडलं, त्यावर आजवर कुणी त्यांना काही लावायला सांगितल्याचं मला आठवत नाही, हे त्याहून विशेष.

केस लवकर पिकणं बरंचसं आनुवंशिक असतं. २०१६ साली लॅटिन अमेरिकेतल्या हजारो लोकांच्या अभ्यासातून पांढऱ्या केसांशी संबंध असलेलं आयआरएफ-४ नावाचं एक जनुक समोर आलं. एकच जनुक सगळं ठरवतं असं नाही, पण गोष्ट घराण्यातून येते हे नक्की. तर माझं कुणाकडून आलं? कोडमध्ये बग सापडला की आम्ही आधी तो कोणत्या व्हर्जनमध्ये शिरला ते शोधतो. मी तेच करायला बसले. आई : पहिला पांढरा केस एकोणतिसाव्या वर्षी, तेहतिसाव्या वर्षापासून डाय. आजी : चाळिशीच्या आसपास. पणजी, म्हणजे आजीची आई : चौतिसाव्या वर्षी क्षयाने गेली, तोवर केस काळे कुळकुळीत. आणि तिच्या आधीची खापरपणजी?

"तिचं काय विचारतेस," आजी म्हणाली. "तिला केसच नव्हते."

*

खापरपणजी वाईची. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तिचा नवरा गेला तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि पदरात चार वर्षांची मुलगी होती. दिवस झाल्यावर तिचं केशवपन झालं. त्यानंतर १९६८ साली ती वारेपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं, दर पंधरा दिवसांनी परसात न्हावी यायचा. आजीची आई लवकर गेल्यामुळे आजी लहानाची मोठी झाली ती तिच्याजवळच. आजीला ते सगळं आठवतं : परसातल्या जांभ्याच्या दगडावर भिंतीकडे तोंड करून बसलेली, तांबड्या आलवणातली ती, वस्तरा पाजळण्याचा चट्‌चट्‌ आवाज, मुलांनी त्या बाजूला जायचं नाही असा दंडक, आणि नंतर थंड पाण्याची अंघोळ, थंडीपाऊस काहीही असो.

केशवपनाविषयी शाळेत आपण एका वाक्यात शिकतो. समाजसुधारकांच्या यादीत "केशवपनाला विरोध केला" एवढं येतं आणि दोन गुणांचं उत्तर होतं. त्यामागचा युक्तिवाद काय होता हे मी पहिल्यांदाच वाचलं. स्कंदपुराणाच्या काशीखंडात म्हटलं आहे की विधवेने बांधलेली वेणी परलोकात नवऱ्याला बंधन होऊन बसते, म्हणून तिने सतत मुंडन करावं. म्हणजे तिचे केस तिचे नव्हतेच, मेलेल्या माणसाच्या पायातली ती दोरी होती. व्यवहारातलं कारण सगळ्यांना ठाऊक होतं : बाई कुरूप दिसावी, कुणाच्या डोळ्यांत भरू नये. ही चाल मुख्यतः ब्राह्मणांत आणि त्यांचं पाहून वर जाऊ पाहणाऱ्या काही जातींत होती. ज्या जातींत पाट लावायची, म्होतूर करायची मुभा होती तिथे बाईचे केस कुणाच्या आड येत नव्हते. माझं घराणं पहिल्या गटातलं. आपल्या घराण्याच्या जुन्या वाड्याचे, सोवळ्याचे, पुरणपोळीचे किस्से आम्ही हौसेने सांगतो. परसातला तो दगड त्या किश्शांत कधीच नसतो.

आगरकरांनी 'सुधारका'त या चालीवर झोड उठवली. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः येऊ लागली. तिची नायिका यमू, आणि तिचं जबरदस्तीने झालेलं केशवपन वाचून त्या काळचे वाचक हादरले होते. पण मला सगळ्यात गुंतवून ठेवलं ते त्याच वर्षीच्या आणखी एका घटनेने.

१८९० साली मुंबईत न्हाव्यांची सभा भरली. पुढाकार नारायण मेघाजी लोखंडे यांचा. गिरणी कामगारांचे पहिले पुढारी म्हणून आपण त्यांना ओळखतो; ते सत्यशोधक होते आणि 'दीनबंधु' हे पत्र चालवत होते. शेकडो न्हावी जमले आणि त्यांनी ठरवलं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. इतिहासात हा 'न्हाव्यांचा संप' म्हणून नोंदवला गेला आणि त्याची बातमी थेट लंडनच्या वर्तमानपत्रापर्यंत गेली.

यात जी गोष्ट मला सुचलीच नव्हती ती अशी : केशवपन करायला घरातले पुरुष ठरवत, भटजी मुहूर्त आणि मंत्र पाहत, पण वस्तरा दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात असायचा. रडणाऱ्या, कधीकधी आठ-दहा वर्षांच्या मुलीचं डोकं धरून ते काम करणारा माणूस जातीच्या उतरंडीत त्या घराच्या कितीतरी खाली होता. तो ओटीवरसुद्धा येऊ शकत नव्हता, परसातून यायचा आणि परसातून जायचा. पाप घरातल्यांनी ठरवायचं आणि हात याचे बरबटायचे. सुधारकांनी निबंध लिहिले, त्यांचं मोल आहेच. पण ज्याच्या हातात हत्यार आहे त्यानेच ते खाली ठेवणं, हे मला सगळ्या निबंधांपेक्षा मोठं वाटतं.

संपाने चाल बंद पडली नाही. पडली असती तर अठ्ठावीस वर्षांनी वाईच्या परसात कुणी आलंच नसतं. पोटापाण्याचा प्रश्न होता, गावगाड्यात बलुतं बंद होण्याची भीती होती. मुंबईत एकवेळ नाही म्हणता येईल, वाईत कसं म्हणणार?

काही बायकांनी मात्र नाही म्हटलं. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. तिथे शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई झाल्या. हे बहुतेकांना माहीत असतं. त्यांच्या धाकट्या बहिणीविषयी कमी बोललं जातं. पार्वतीबाई आठवले विशीच्या सुमारास विधवा झाल्या, त्यांचं केशवपन झालं. पुढे त्या कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात आल्या, शिकल्या, आणि आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागल्या. ते सगळं त्यांनी वर्षानुवर्षं मुंडन केलेल्या डोक्याने, सोवळ्या विधवेच्या वेशात केलं. त्या वेशाचा उपयोगही होता. जुन्या वळणाच्या घरांत त्यांना दार उघडलं जायचं. मग चाळिशी उलटल्यावर त्यांनी ठरवलं की आता वस्तरा बास, आणि केस वाढवायला सुरुवात केली. 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात त्यांनी या निर्णयाबद्दल लिहिलं आहे.

तरुण विधवेने केस ठेवले तर लोकांना तिचा हेतू कळायचा, निदान तसं वाटायचं तरी : तिला पुन्हा लग्न करायचं आहे. चाळिशी ओलांडलेल्या, समाजात मान असलेल्या बाईला अर्ध्या वाटेवर केस कशाला हवेत? लग्न करायचं नाही, कुणाला आवडायचं नाही, मग कशाला? याचं उत्तर "माझे आहेत म्हणून" एवढंच असू शकतं, आणि ते त्या काळात द्यायला किती धैर्य लागलं असेल याचा अंदाज मी माझ्या उजव्या कानावरच्या बटेवरून करू धजत नाही.

*

दुसरं टोक रंगाचं. आपल्याकडे केस 'पिकतात'. फळासारखे, वेळ झाली की. "हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत" असं वडीलधारी माणसं ठसक्यात म्हणतात. जुन्या ग्रंथांतही पांढरा केस म्हणजे निरोप. मनुस्मृती सांगते की अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पलित आणि घरात नातू दिसला की गृहस्थाने रानाची वाट धरावी. जातककथांतला मिथिलेचा राजा मखादेव आपल्या न्हाव्याला सांगून ठेवतो की पहिला पांढरा केस दिसला की मला कळव. न्हावी एके दिवशी तो सोन्याच्या चिमट्याने उपटून राजाच्या तळहातावर ठेवतो. राजा राज्य मुलाला देऊन संन्यास घेतो आणि न्हाव्याला एक गाव इनाम मिळतं.

पण सगळेच मखादेव नव्हते. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त ग्रहतारे, पाऊस, घरबांधणी, रत्नं यांच्या जोडीला अत्तरांवर एक प्रकरण लिहिलं आहे आणि त्याची सुरुवात केसांच्या कलपाने केली आहे. ज्याचे केस पांढरे त्याला माळा, सुगंध, वस्त्रं, दागिने काहीच शोभत नाही, म्हणून आधी केसांचं बघा, असं तो सरळ म्हणतो. पुढे कृती : लोखंडी भांड्यात कोद्रूचे तांदूळ आंबवलेल्या आंबट द्रवात लोहचूर्ण घालून शिजवायचे, बारीक वाटून डोक्याला लेप द्यायचा, वर ओली पानं बांधायची. दोन प्रहरांनी तो काढून आवळ्याचा लेप, परत पानं, परत दोन प्रहर. मग धुवायचं. एकूण बारा तास. शेवटी लोखंडाचा आणि आंबटाचा वास जावा म्हणून सुगंधी तेलं.

यातलं रसायनशास्त्र पक्कं आहे. आंबटात लोह विरघळतं, आवळ्यात टॅनिन असतं, दोन्ही भेटले की काळाभोर संयुग तयार होतं. हिरडा आणि हिराकस यांपासून आपल्याकडे पोथ्या लिहायची शाई करत तेच हे. म्हणजे वराहमिहिराचा श्रीमंत ग्राहक डोक्याला शाईच फासून घेत होता. आजी रात्री मेंदी लोखंडी कढईत का भिजवते, त्यात आवळापूड आणि चहाचं पाणी का घालते, याचंही उत्तर तिथेच मिळालं. नुसत्या मेंदीने पांढरा केस नारिंगी होतो. कढई त्याला काळपट करते.

आईच्या पाकिटातला रंग या घराण्यातला नाही. त्याची गोष्ट कोळशाच्या डांबरापासून सुरू होते. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन घरच्या प्रयोगशाळेत डांबरापासून क्विनाइन करू पाहत होता. हिंदुस्थानासारख्या वसाहतींतल्या मलेरियासाठी इंग्रजांना ते हवंच होतं. क्विनाइन झालं नाही, जांभळा रंग झाला, आणि कृत्रिम रंगांचा कारखानदारी धंदा उभा राहिला. त्या डांबरी कुटुंबातलाच एक सदस्य पॅरा-फिनिलीन-डायअमीन, म्हणजे पीपीडी. एर्न्स्ट एर्डमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये केस आणि फर रंगवण्यासाठी त्याचं पेटंट घेतलं. त्याची युक्ती भन्नाट आहे. हा रेणू मुळात जवळजवळ बिनरंगी आणि इतका छोटा की केसाच्या आत शिरतो. मग हायड्रोजन पेरॉक्साइड त्याचं ऑक्सिडीकरण करतं, रेणू एकमेकांना जोडले जातात, मोठे होतात, काळे होतात, आणि आता बाहेर पडायला वाट उरत नाही. बाटलीत बांधलेलं जहाज असतं ना, तसं. फक्त इथे जहाज स्वतःच स्वतःला आत बांधतं.

पॅरिसमध्ये १९०७ साली यूजेन श्युएलर या तरुण रसायनशास्त्रज्ञाने स्वतःचा डाय बनवून तिथल्या केशकर्तनकारांना विकायला सुरुवात केली. दोन वर्षांनी त्याने कंपनी काढली, तिचं नाव मराठीत सांगायचं तर 'केसांच्या निरुपद्रवी रंगांची फ्रेंच कंपनी'. हीच पुढे लॉरिआल झाली. धंद्याच्या नावातच 'निरुपद्रवी' म्हणावं लागलं, यावरून त्या काळी गिऱ्हाइकांच्या मनात काय होतं ते कळतं. १९३८ साली अमेरिकेने सौंदर्यप्रसाधनांचा कायदा केला तेव्हा डांबरी रंगांच्या केसांच्या डायना त्यातून सवलत मिळाली. पाकिटावर इशारा छापा आणि आधी त्वचेवर चाचणी घ्यायला सांगा, एवढ्यावर भागलं. आजही भारतातल्या पाकिटावर बारीक अक्षरांत 'अठ्ठेचाळीस तास आधी चाचणी' असं काहीतरी असतं. आईने चोवीस वर्षांत ते एकदाही केलं नाही. केलं असतं तरी पहिली वीस वर्षं काही दिसलंही नसतं. पीपीडीची अ‍ॅलर्जी पहिल्याच वेळी होत नाही. शरीर आधी ओळख करून घेतं, कधी महिने, कधी दशकं, आणि एक दिवस त्या रेणूला शत्रू ठरवतं. मग ती खूणगाठ आयुष्यभर पुसली जात नाही. २००६ साली अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने पीपीडीला 'वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक' हा किताब दिला. गडद रंगात पीपीडी जास्त लागतं. ज्या देशात सगळ्यांना काळेभोरच हवे असतात तिथे याचा अर्थ उघड आहे.

या रंगाने अमेरिकेत घराघरांत प्रवेश केला तो १९५६ नंतर. क्लेरॉल कंपनीसाठी शर्ली पॉलिकॉफ या जाहिरात लिहिणाऱ्या बाईने अशी जाहिरात केली की ही केस रंगवते की नाही, हे फक्त तिच्या केशकर्तनकारालाच ठाऊक. वाचताना मला मखादेवाचा न्हावी आठवला. आणि मग एकदम परसातला.

पन्नास वर्षं, दर पंधरा दिवसांनी. खापरपणजीचे खुंट काळ्याचे करडे कधी झाले, करड्याचे पांढरे कधी झाले, हे एकाच माणसाने पाहिलं होतं. तिच्यापाशी आरसा नव्हता. विधवेने आरशात बघायचं नसे. आलवणाचा पदर कपाळापर्यंत ओढलेला असायचा, घरातल्या कुणी ते डोकं उघडं पाहिलेलं नव्हतं. माझ्या कोष्टकातला जो रकाना मला भरायचा होता, त्याची नोंद एका परक्या माणसाच्या बोटांना होती. ती तिथेच संपली.

*

आजी दोन दिवस आईशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीत जाऊन बसले आणि म्हणाले की आईला तिचे रंगवलेले केस जायला हवेत, बाकी काही नाही. ती म्हणाली, "मला कळत नाही का? मी म्हातारी आहे, खुळी नाही. मला तो आवाज नको." तिने मशीनचा आवाज कधीकाळी बाबांच्या सलूनमध्ये ऐकला असेल, मला माहीत नाही. पण मला वस्तरा पाजळण्याचा तो चट्‌चट्‌ आठवला.

मग तोड निघाली. कात्रीने कापायचे, घरी, आणि एकदम तीन नंबर नाही; कानाच्या पाळीपर्यंत आधी, पुढचं दोन महिन्यांनी. पार्लरवाल्या ताई रविवारी दुपारी घरी आल्या. बाल्कनीत जुनी चादर अंथरली, आई स्टुलावर बसली. आजीने आपली खुर्ची उचलून आणायला लावली आणि बरोबर समोर बसली. आईने गंमतीत तोंड भिंतीकडे केलं, उजेड मागून यावा म्हणून, तर आजी म्हणाली, "तिकडे नाही. इकडे बघ. माझ्याकडे तोंड कर."

केस पडायला लागले. अर्धे विटकरी, अर्धे काळे, टोकाला कोरडे. आजी वाकून चादरीवरचे उचलून बघत होती. बघता बघता ती बोलायला लागली, कुणाकडे न पाहता, जणू ताईंनाच सांगत होती.

तिच्या आजीचे केस पहिल्यांदा काढले त्या दिवसाबद्दल तिच्या आजीने तिला एकदाच सांगितलं होतं. आजी तेव्हा बारा-तेरा वर्षांची, नुकती न्हाती-धुती झालेली. आजीच्या लांब वेण्या घालून देताना ती म्हणाली होती की माझेही असेच होते, मांडीपर्यंत. ते पडले तेव्हा तिच्या ओच्यात पडले. तिने खाली पाहिलं तर त्या काळ्या राशीत चार पांढरे होते. तिला ते आधी माहीतच नव्हतं. भोवतालच्या बायका म्हणाल्या, बघा, दुःखाने एका रात्रीत पिकले. तीही आयुष्यभर तसंच समजून होती.

एका रात्रीत केस पिकत नाहीत. मेरी आंत्वानेतबद्दलही तसं सांगतात, पण डोक्याबाहेर आलेला केस मेलेला असतो, त्याचा रंग मुळातच ठरतो. ताणाने केस पांढरे होऊ शकतात. २०२० साली हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिलं की ताणाखाली मज्जातंतू रंगपेशींच्या मूळ पेशींना संपवतात. तरी ते पुढच्या वाढणाऱ्या केसांना लागू, आधीच मांडीपर्यंत वाढलेल्यांना नाही. मांडीपर्यंत म्हणजे निदान पाच-सहा वर्षांची वाढ. मुळापासून टोकापर्यंत पांढरा असेल तर तो केस तिच्या सतराव्या-अठराव्या वर्षीच पांढरा उगवला होता. नवरा जिवंत होता, साथ यायची होती. त्या काळ्या राशीत तो दडलेला होता आणि कुणाला दिसला नव्हता.

मी हे सगळं आजीला सांगितलं. साथीचं, दुःखाचं नाही, तुझ्या आजीचं ते असंच होतं, आईचं आणि माझं तेच आहे. आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे तिला उगाचच वाटलं."

"काय?"

"की ती त्यांच्यासाठी पुरेशी रडली."

ताईंनी कात्री थांबवली होती. आईने डोळे पुसले आणि "कापा हो," म्हणाली. अर्ध्या तासात झालं. आता आईच्या डोक्यावर वर सगळं पांढरं आणि कानापाशी थोडा विटकरी शेव उरला आहे, तो दिवाळीच्या आत जाईल. ती आरशात बघून म्हणाली, "इंदिरा गांधींना एकच बट होती, मला सगळंच आहे." आजीने हाताने तिच्या मानेवरचे तुकडे झटकले, मग तोच हात माझ्या उजव्या कानावर आणला आणि बट बोटात धरून उजेडाकडे वळवली.

"किती आहेत गं हे?"

"मोजले नाहीत."

"मोज," ती म्हणाली, आणि चष्मा आणायला आत गेली.